टेप बदलण्याआधी दार उघडून बघा

प्रश्न : माझी सिंगल केबिनची पिकअप आहे. गाडीसोबत आलेला टेप आणि दोन दारांत दोन स्पीकर, एवढंच सामान. दिवसातला बराच वेळ गाडीतच जातो, त्यामुळे गाणी लागतातच. हळू चालवताना आवाज बरा वाटतो. हायवेला लागलं की बास कुठे जातो कळत नाही, शब्द ऐकू येत नाहीत, आणि आवाज वाढवला की तो फाटतो. शिवाय माझ्या बाजूचं दार थरथरतं. फिटरने मोठी अँड्रॉइड स्क्रीन, दारांत ६×९ इंची स्पीकर आणि सीटमागे बासचा वूफर असं पॅकेज सुचवलंय. स्क्रीनवर ‘५० वॅट × ४’ लिहिलंय, त्यामुळे वेगळा अँप (ताकद वाढवणारा अँप्लिफायर) लागणार नाही असं तो म्हणतो. मेहुणा म्हणतो, आधी वूफर बसव, बाकीचं नंतर बघू. सगळं एकदम करणं खिशाला झेपणार नाही. सुरुवात कुठून करू? आणि बॅटरी उतरणार नाही ना?

उत्तर : सुरुवात दारापासून करा. फिटरच्या यादीत दार नाही, मेहुण्याच्याही नाही, कारण दाराचं काम बाहेरून दिसत नाही आणि त्यात मिरवण्यासारखं काही नसतं. तुमच्या पत्रात मात्र ते आहे. जो पत्रा थरथरतो तो स्पीकरची मेहनत वाया घालवतो आणि वर स्वतःचा आवाज गाण्यात मिसळतो. त्याच पत्र्यावर जास्त दणकट स्पीकर बसवला तर थरथर जास्त दणकट होईल, एवढंच.

माझा क्रम सांगतो. आधी दारं, मग त्यांतले दोन स्पीकर, मग छोटा चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर चालवू शकणारा अँप, आणि त्यानंतरही कमी वाटलं तर लहान वूफर. स्क्रीन सगळ्यात शेवटी, आणि घेतलीच नाही तरी बिघडत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर थोडे दिवस नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची गाणी लावून गाडी चालवा. बऱ्याच लोकांचं समाधान दुसऱ्या टप्प्यालाच होतं, मग पुढचा खर्च वाचतो. पॅकेजमध्ये ही सोय नसते.

हायवेवर बास जातो कुठे, हे आधी बघू. तो कुठे जात नाही, झाकला जातो. टायरचा, इंजिनाचा आणि वाऱ्याचा गोंगाट बराचसा खालच्या सुरांत असतो, म्हणजे जिथे ढोलकी आणि बेस गिटार असते नेमका तिथे. पिकअपमध्ये हे जास्त जाणवतं. मागे डिकीची पोकळी नाही, सीटच्या पाठीला लागून केबिनची मागची भिंत, आणि ती भिंत बहुतेक वेळा एका पातळ अस्तराखाली नुसता पत्रा असते. त्यापलीकडे हौदा. रिकामा हौदा खडखडला की तो आवाज थेट तुमच्या पाठीशी येतो. गोंगाटाच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही आवाज वाढवता, टेपमधली ताकद संपते, आणि तिथून पुढे नुसतं फाटणं सुरू होतं. म्हणजे गोंगाट थोडा जरी कमी झाला तरी टेपवरचा ताण तेवढाच उतरतो.

आता ती ‘५० वॅट × ४’ची गोष्ट, कारण फिटरचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. टेपच्या आतल्या चिपला त्याहून जास्त मिळत नाहीत. १४.४चा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ४ ओहम रेझिस्टन्सने भागा. उत्तर येतं ५१.८. खोक्यावरचे ५० वॅट असे आलेले असतात. पण हा आकडा कधीचा? आवाजाची लाट वर-खाली दोन्हीकडून पूर्ण चपटी झालेली असताना, म्हणजे गाणं पुरतं फाटलेलं असतानाचा. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मे, सुमारे २६ वॅट मिळतात, आणि चिपमध्ये थोडे वाया जाऊन हातात १८ ते २० उरतात. तुमचा आत्ताचा टेपही बहुधा तेवढेच देतोय. म्हणून नुसती स्क्रीन बदलल्याने आवाजाची ताकद वाढणार नाही. चित्र मोठं दिसेल, नकाशा दिसेल, ते वेगळं. खोक्यावर ‘आरएमएस’ (सलग मिळणारी ताकद) या शब्दापुढचा आकडा वाचायचा, ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’पुढचा सोडून द्यायचा.

आकड्यांचंच चाललंय तर आणखी एक लक्षात ठेवा. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. ‘हा दुप्पट मोठा आहे’ असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. वॅटच्या मागे धावून फार काही हाती लागत नाही ते यामुळे.

एखाद्या मोकळ्या दुपारी गाडी सावलीत लावा आणि स्वतः तपासणी करा. टेपचा बॅलन्स पूर्ण ड्रायव्हरच्या बाजूला न्या, भरपूर बास असलेलं ओळखीचं गाणं लावा, आणि तळहात दाराच्या आतल्या पॅनलवर ठिकठिकाणी दाबत फिरवा. एका जागी दाबलं की थरथर थांबेल. कधी ती आर्मरेस्टच्या खालची सैल क्लिप असते, कधी दाराच्या कप्प्यात पडलेलं नाणं किंवा पाना. हसू नका, ‘स्पीकर फाटलाय’ म्हणून आणलेल्या गाड्यांत कप्प्यातल्या वस्तू नेहमी निघतात. मग दुसऱ्या बाजूला तेच करा. एकच दार थरथरत असेल तर त्या दारात काहीतरी सुटलेलं आहे, आणि ते कदाचित फुकटात दुरुस्त होईल.

दाराचं रबरही बघून घ्या. कागदाची पट्टी दाराच्या चौकटीत धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सरकली तर तिथलं रबर दबलंय आणि वारा तिथूनच शिट्टी मारत आत येतोय. वरच्या मागच्या कोपऱ्यात हे जास्त आढळतं. रबर बदलणं हा ध्वनीचा खर्च वाटत नाही, पण असतो.

यानंतर पॅनल काढा किंवा काढून घ्या. आधी चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलेली, आणि मग काही मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. पिवळ्या वेष्टणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या तारांना हात लावायचा नाही, त्या सहसा एअरबॅगच्या असतात. हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढल्यावर बाकी पॅनल प्लॅस्टिकच्या क्लिपांवर असतं. क्लिपा उघडायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने पत्र्याचा रंग उडतो आणि तिथे गंज धरतो. दोन-चार क्लिपा तुटणारच, नव्या आणून ठेवा.

आत दिसेल ते असं : पत्र्याला हातभर मोठी भोकं, त्यांवर चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद, आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेला स्पीकर. त्याचं चुंबक दोन नाण्यांएवढं निघालं तर आश्चर्य मानू नका. आता बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका. टणटण वाजेल. सगळा घोळ इथेच आहे. स्पीकरचा पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा ओढतो. मागचा आवाज त्या भोकांतून फिरून पुढे आला की दोन्ही एकमेकांना मारतात, आणि सगळ्यात आधी मरतो तो बास. दार म्हणजे स्पीकरची पेटी, आणि तुमची पेटी मागून उघडी आहे.

दोन कामं करायची. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, स्पीकरच्या बरोबर मागे आणि पत्र्याच्या मोठ्या सपाट भागावर, अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख असलेल्या ब्युटिल रबराच्या शीट चिकटवायच्या. पूर्ण पत्रा मढवण्याची गरज नाही. मोकळ्या भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक थरथर जाते. त्यापुढे चिकटवलेली शीट म्हणजे दाराचं वजन आणि बिजागऱ्यांवरचा भार. पत्रा आधी स्पिरिटने पुसायचा, शीट लावल्यावर छोट्या रोलरने घट्ट दाबायची, वर्खावरचे उंचवटे सपाट होईपर्यंत. हे दाबणंच मुख्य काम आहे आणि घाईत तेच राहून जातं. पुन्हा पेराने ठोकून बघा. टणटण जाऊन ‘ठक’ असा बोदा आवाज आला की झालं. दुसरं काम आतल्या पत्र्यावरची भोकं बुजवणं. मोठ्या भोकांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर शीट. नुसती शीट मोठ्या भोकावर ताणली तर ती स्वतःच पडद्यासारखी हलत बसते.

घराच्या छतावर लावतात ती डांबरी शीट कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. बंद गाडी उन्हात तापली की ती मऊ होते, घसरते, आणि केबिनला डांबराचा वास कायमचा बसतो.

तीन गोष्टींना हात लावायचा नाही. दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजवली तर दार आतून कुजेल. काचेची यंत्रणा आणि कुलपाचे गज जिथे हलतात तिथे शीटचा कोपराही नको. आणि काही गाड्यांच्या दारात हवेच्या दाबावरून धडक ओळखणारा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तो असेल तर भोकं बुजवण्याचं काम कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय करू नका, कारण त्यावर बाजूची एअरबॅग अवलंबून असते.

शीट उरली तर ती दाराला दुसरा थर द्यायला वापरू नका, सीटमागच्या भिंतीला लावा. पिकअपमध्ये तिचा उपयोग तिथे सगळ्यात जास्त. वर बंद पेशींच्या फोमचा थर दिला तर आणखी बरं. मात्र एवढं सगळं करून गाडी शांत होईल अशी आशा धरू नका. काही डेसिबल कमी होतील, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

आता स्पीकर. विकत घेण्याआधी तीन मापं हातात हवीत : भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, आणि खोली. खोली मोजताना काच पूर्ण खाली करा. काच वर ठेवून मोजलं, चुंबक आरामात बसलं, आणि पहिल्यांदा काच खाली केली तेव्हा ती चुंबकावर आदळली, ही नेहमीची कथा आहे. पिकअपच्या दारांत साडेसहा इंची, म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटरचे स्पीकर पुष्कळदा बसतात, पण ‘पुष्कळदा’वर खरेदी करायची नसते.

६×९बद्दल माझं मत असं, की दारात मुळातच त्या मापाची जागा असेल तरच. पत्रा कापून बसवायचे असतील तर नको. कापलेलं दार परत पहिल्यासारखं होत नाही, आणि नीट बंद केलेल्या दारातला साडेसहा इंची स्पीकर उघड्या दारातल्या ६×९पेक्षा भरीव वाजतो.

जुना स्पीकर काढलात की मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. ३.२ ते ३.६च्या आसपास आला तर तो ४ ओहमचा. २च्या खाली आला तर २ ओहमचा, आणि मग गाडीत कुठेतरी कंपनीचा वेगळा अँप लपलेला असण्याची शक्यता आहे. अशा जागी ४ ओहमचा स्पीकर लावला तर त्याला साधारण निम्मीच ताकद मिळेल आणि नव्या स्पीकरचा आवाज जुन्यापेक्षा बारीक वाटेल. लोक मग स्पीकरला नावं ठेवतात.

खोक्यावर ‘३०० वॅट’ असं मोठ्या अक्षरात असतं. स्पीकर किती सहन करेल तो हा आकडा, किती देईल तो नाही. तुम्हाला हवा तो आकडा बारीक अक्षरात सापडतो : सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज, असं ते माप. एक स्पीकर ८६चा आणि एक ९२चा असेल, तर ९२वाला १५ वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८६वाल्याला ६० वॅट लागतात. काही दिवस तरी मूळ टेपवरच चालवायचं असेल तर ९०च्या वरचा निवडा. जड पडद्याचे, महागडे, ‘पॉवर’वाले स्पीकर अँपशिवाय मरगळलेले वाटतात. कागदी पडदा म्हणजे हलका माल, हाही एक गैरसमज आहे. कागद चांगला वाजतो. दारात ओल असते म्हणून त्यावर लेप दिलेला असावा, नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचा पडदा घ्यावा.

कोअ‍ॅक्सिअल की कॉम्पोनंट? कोअ‍ॅक्सिअलमध्ये ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या मधोमध असतो, कॉम्पोनंटमध्ये तो वेगळा आणि वर लावता येतो. दारातले स्पीकर तुमच्या पोटरीशी वाजतात, आणि शब्दांची धार ज्या वरच्या सुरांत असते ते सरळ रेषेत जातात, पाय किंवा सीट मध्ये आली की अडतात. तुमची तक्रार शब्दांची आहे, म्हणून तुम्हाला कॉम्पोनंट सुचवेन, ट्विटर आरशाच्या मागच्या त्रिकोणी पट्टीत किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात नको. तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत काहीही येता कामा नये. डॅशबोर्डमध्ये कंपनीचे ट्विटर आधीपासून असतील तर ते बरेचदा दारातल्या स्पीकरच्याच तारेवर जोडलेले असतात. नवे लावताना ते सोडवा, नाहीतर चौघे मिळून टेपवर भार टाकतील.

बसवताना गाडीचा मूळ कपलर कापू देऊ नका. स्पीकरला आणि टेपलाही जोडणीचे तयार कपलर मिळतात. स्पीकर ज्यावर बसतो ती रिंग प्लॅस्टिकची घ्या, एमडीएफची (लाकडी भुशाच्या फळीची) रिंग दारातल्या ओलीने फुगते. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये, आणि स्पीकरची कड आणि पॅनलची जाळी यांच्यामध्येही, फोमची पट्टी हवी. नाहीतर अर्धा आवाज पॅनलच्या मागेच फिरत राहतो.

प्लस-मायनसची खात्री करा. एका बाजूची तार उलटी जोडली गेली तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि बास गायब होतो, बाकी सगळं ठीक वाटतं. तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो : सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की पडदा बाहेर यायला हवा. तुमच्या दोन स्पीकरपैकी एक आत्ताच उलटा जोडलेला नाही ना, हेही याच वेळी कळेल. आणि स्पीकरची मायनस तार गाडीच्या पत्र्याला कधीच जोडायची नाही; आजच्या टेपमध्ये दोन्ही तारांतून सिग्नल जातो, अर्थ दिला तर चिप जाते.

मग फुकटातली एक युक्ती. टेपच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर (ठरलेल्या सुराखालचा बास कापणारा) असेल तर तो ८० हर्ट्झला लावा. बास कमी होईल या भीतीने लोक लावत नाहीत. पण तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं. दारातला छोटा स्पीकर ४० हर्ट्झ वाजवायला गेला की त्याची सगळी शक्ती हलण्यात जाते आणि बाकीचं गाणं फाटतं. ते काम काढून घेतलं की तोच स्पीकर आवाज दोन घरं वर नेला तरी स्वच्छ राहतो. फिल्टर नसेल तर निदान बासचं बटण शून्यावर आणा आणि ‘लाउडनेस’ बंद करा.

इथवर येऊनही हायवेवर कमी पडलं, तर अँप. ४ × ५० वॅट आरएमएस, क्लास डी (कमी तापणारा प्रकार), लहान आकाराचा, सीटमागे किंवा सीटखाली मावणारा. दोन चॅनल दारांना, उरलेले दोन एकत्र जोडून, पुढे कधी वूफर घेतलात तर त्याला. मूळ टेपला आरसीए आउटपुट (अँपकडे सिग्नल नेणाऱ्या तारांची जागा) नसेल तर स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारा, ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला अँप बघा. एक अडचण येऊ शकते : काही कंपन्यांचे टेप आवाज वाढवला की आपले स्पीकर वाचवण्यासाठी गुपचूप बास कापतात, आणि मग नवा अँपही तो कापलेलाच बास मोठा करतो. तसं दिसलं तर हे दुरुस्त करणारा डीएसपी (सिग्नल सुधारणारी चिप) असलेला अँप लागतो. घेण्याआधी विक्रेत्याला नेमकं एवढंच विचारा.

अशा अँपला पूर्ण आवाजात २० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. ८ गेज जाडीची तांब्याची तार थेट बॅटरीवरून, आणि ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज अँपसाठी नसतो, तारेसाठी असतो. तार पत्र्यावर घासून उघडी पडली तर तोच आग टाळतो, म्हणून तो अँपच्या टोकाला लावून चालत नाही. इंजिनाच्या बाजूने तार आत येते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (तार घासू न देणारी रिंग) हवंच. तारेचा एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, तसं असेल तर एक माप जाड घ्या.

अर्थिंगची एक गोष्ट खास पिकअपची. बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि चेसिस हे वेगळे भाग असतात, केबिन रबरी बुशांवर बसलेली असते आणि दोघांना जोडणारी अर्थची पट्टी जुनी झाली की गंजते. अँपची अर्थ केबिनच्या पत्र्याला, रंग खरवडून, आखूड तारेने द्या, आणि ती पट्टी व बॅटरीची निगेटिव्ह जोडणी ब्रशने साफ करून घ्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून वर चढत जाणारी शीळ ऐकू येते, तिचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. आरसीएच्या तारा गाडीच्या एका बाजूने आणि करंटची तार दुसऱ्या बाजूने न्यायची.

अँपवरचं ‘गेन’चं बटण आवाज वाढवण्यासाठी नसतं, टेपच्या सिग्नलशी अँप जुळवण्यासाठी असतं. टेप तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, फाटल्याची पहिली चाहूल लागली की थोडा मागे घ्या. मग त्याला हात लावू नका. ट्विटर जळतात ते बहुतेक फाटलेल्या सिग्नलने.

वूफरबद्दल मेहुण्याचं अगदीच चूक नाही, त्याचा नंबर चुकलाय. थरथरत्या दारांच्या जोडीला वूफर आला की दारं, मागची काच, नंबर प्लेट, सगळं एकदम वाजायला लागेल. पण शेवटी लावायचाच असेल तर सिंगल केबिनला फायदा आहे. केबिन जितकी लहान तितके अगदी खालचे सूर आपोआप उचलले जातात, म्हणून पातळ बांध्याचा आठ इंची वूफर, लहान बंद पेटीत, एवढ्यावर भागतं. पेटी पट्ट्याने किंवा बोल्टने जखडलेली असावी. जोरात ब्रेक लागला तर सुटी पेटी आधी तुमच्या पाठीत येईल. आणि जॅक, पाने सीटमागे असतील तर ते पेटीच्या मागे अडकवून ठेवू नका. पंक्चर झालं की कळतं.

स्क्रीनच्या मी विरोधात नाही. मागचा कॅमेरा हवा असेल, नकाशा मोठा हवा असेल, तर घ्या, पण त्या कारणासाठी घ्या. आधी डॅशबोर्डमधला खण मोजा : उंची ५० मिलिमीटर असेल तर सिंगल डिन (खणाचं ठरलेलं माप), १०० असेल तर डबल, रुंदी दोन्हींना १८०. नव्या गाड्यांत एसीची, स्टिअरिंगवरच्या बटणांची आणि गाडीच्या इशाऱ्यांची माहिती टेपमधूनच फिरते, तिथे टेप काढणं म्हणजे नसतं लफडं. घेतलीच तर ‘टाइम अलाइनमेंट’ असलेली बघा. तुमच्या बाजूचं दार जवळ, दुसरं लांब; अंतरात ६० सेंटिमीटरचा फरक असेल तर लांबचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गाणं सगळं तुमच्याच दारातून आल्यासारखं वाटतं. जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर दिला की गायक काचेच्या मध्यावर येऊन उभा राहतो.

बॅटरीचं विचारलंत. इंजिन चालू असताना असा अँप आल्टरनेटरला जड नाही. गाणं कधीच सलग पूर्ण ताकदीवर नसतं. इंजिन बंद ठेवून मध्यम आवाजात ऐकलंत तर अंदाजे ३ ते ५ अँपिअर जातील. ६५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची धरली तरी काही तास निघतात. जुन्या बॅटरीवर हा भरवसा नको. बॅटरी उतरण्याचं खरं कारण वेगळंच असतं. अँपची निळी-पांढरी तार त्याला जागं करते आणि झोपवते. ती चुकून टेपमागच्या पिवळ्या, कायम चालू असलेल्या तारेवर जोडली गेली तर अँप रात्रंदिवस जागा राहतो. नुसतं जागं राहायला एक अँपिअर लागत असेल तर दोन दिवस उभ्या गाडीत ४८ अँपिअर-तास संपले. काम झाल्यावर चावी काढा आणि अँपवरचा दिवा विझतो का ते स्वतः बघा.

तुम्ही दिवसभर गाडीत असता म्हणून कानांचंही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८३ला २०, ८६ला १०. फोनवरचं मोजणारं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण अंदाज देतं. दाराचं काम झाल्यावर तोच आनंद कमी आवाजात मिळतो की नाही ते त्यावर पडताळून बघा.

काढलेले स्पीकर आणि क्लिपा जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर कपलर न कापता केलेलं काम परत पूर्ववत करता येतं. वायरिंग कापलं की वादाला तोंड फुटतं. फिटरकडून करून घेणार असाल तर पॅनल परत बसण्याआधी काच दोनदा पूर्ण वर-खाली आणि कुलूप आतून-बाहेरून लावून बघायला सांगा. दार उघडल्यावर स्पीकर किती ओहमचा निघाला आणि खोली किती भरली, हे कळवलंत तर अँपचं नेमकं सांगता येईल.